एकच गाणं, तीन रात्री
('शक्ती'ची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज कशी ऐकावीत?)

होस्टेलमध्ये गाणी ऐकणाऱ्यांना तोटा नाही. पीएलमध्ये प्रॉब्लेम सोडवताना, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवताना, मेसच्या लाइनीत, सगळीकडे कानात काही ना काही चालूच असतं. पण "अरे, हे गाणं तुझ्याकडे आहे ना? मग परत तेच कशाला घेतोस?" असा प्रश्न ज्याला वारंवार विचारला जातो, तो लाइव्ह रेकॉर्डिंगचा वेडा आहे असं खुशाल समजावं. एकच रचना, तेच वादक, पण १९७५ ची वेगळी आणि १९९७ ची वेगळी! लोकांना वाटतं याचं डोकं फिरलंय. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख. सिलॅबसमध्ये नसलेला एक धडा समजा. युनिट टेस्ट नाही, घाबरू नका!

फेअर जर्नल आणि ओरल

स्टुडिओत गाणं कसं तयार होतं हे आपल्याला साधारण माहीत असतं. प्रत्येक वाद्याचा ट्रॅक वेगळा, चुकलं तर तेवढाच तुकडा पुन्हा, दहा टेकमधला सगळ्यात चांगला ठेवायचा आणि शेवटी सगळं नीट जुळवायचं. लाइव्हमध्ये असलं काही नाही. समोर माणसं बसलेली, वादकाच्या हातात एकच संधी. सूर लागला तर लागला, नाही तर नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर स्टुडिओ रेकॉर्ड म्हणजे फेअर जर्नल आणि लाइव्ह रेकॉर्डिंग म्हणजे ओरल. जर्नलवरून अक्षर आणि मेहनत कळते. पण समोरच्याने अचानक प्रश्न टाकल्यावर हा मुलगा काय करतो, हे फक्त ओरलमध्येच कळतं. तिथे अडखळणं असतं, क्षणभर शांतता असते आणि कधीकधी त्याला स्वतःलाही माहीत नसलेलं उत्तर त्याच्या तोंडून बाहेर पडतं! लाइव्ह संगीताचा सगळा जीव या तिसऱ्या गोष्टीत आहे.

टेपा जमवणारी मंडळी

या वेडाचा सगळ्यात मोठा संप्रदाय अमेरिकेत झाला. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९६५ साली 'ग्रेटफुल डेड' नावाचा बँड सुरू झाला. त्यांच्या संगीताला सायकेडेलिक म्हणतात. त्या शहरातल्या त्या काळच्या नशापाण्याच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचं कौतुक इथे मुळीच करायचं नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. हे लोक स्टेजवर गाणं सुरू करायचे, पण ते कुठे जाईल आणि कधी संपेल हे आधी ठरलेलं नसायचं. त्यांचं 'डार्क स्टार' १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी 'लाइव्ह/डेड' या अल्बमवर तेच गाणं तेवीस मिनिटांचं झालं. म्हणजे मुखडा तोच आणि बाकीचा सगळा विस्तार. आपल्याकडच्या बंदिशीची आठवण होते की नाही?

१९९५ साली त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला आणि बँड थांबला. तोवर त्यांचे सुमारे २३०० कार्यक्रम झाले होते. श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. बँडने त्यांना हाकललं नाही. उलट १९८४ पासून अशा लोकांसाठी बसायची वेगळी जागाच ठेवली. अट एकच : टेपा एकमेकांना द्या, पण विकू नका. मग पोस्टाने टेपा फिरू लागल्या. कॅसेटवरून कॅसेट काढली की प्रत्येक कॉपीत खरखर वाढते, हे तुम्हाला सिग्नल-टू-नॉइज रेशोवरून लगेच कळेल. त्यामुळे तुझी टेप मूळ टेपपासून कितवी कॉपी आहे, यावर तिची किंमत ठरायची. पैशातली नव्हे, मानातली!

या सगळ्यांत सगळ्यात गाजलेली रात्र म्हणजे ८ मे १९७७. स्थळ कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. हे रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सन या साऊंड इंजिनिअर बाईंनी केलं होतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत २०११ सालासाठी ते घेतलं. एका कॉलेजच्या हॉलमधला एक कार्यक्रम, आणि तो राष्ट्रीय ठेवा!

धागा येतो मुंबईकडे

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे.

ग्रेटफुल डेडचा एक ड्रमर मिकी हार्ट. त्याने तालाचे धडे घेतले उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून. अल्लारखाँसाहेबांचं घर मुंबईत, आणि तिथेच ९ मार्च १९५१ रोजी त्यांचा मुलगा जन्मला : झाकीर हुसेन. झाकीरभाई १९७० साली अमेरिकेत गेले. पुढे मिकी हार्ट आणि त्यांनी मिळून 'डिगा र्‍हिदम बँड' नावाचा फक्त तालवाद्यांचा ताफा केला. त्याची रेकॉर्ड १९७६ साली आली. त्यातल्या 'हॅपिनेस इज ड्रमिंग' या तुकड्यावरूनच ग्रेटफुल डेडचं 'फायर ऑन द माउंटन' हे गाणं तयार झालं. आणि कॉर्नेलच्या त्या प्रसिद्ध रात्री सगळ्यात जास्त वाखाणलं गेलेल्या भागात हेच गाणं आहे. म्हणजे अमेरिकेच्या त्या राष्ट्रीय ठेव्यात मुंबईच्या तबल्याचा एक धागा आहे.

आणखी एक गोष्ट. डेडचा साऊंडवाला ओस्ली स्टॅन्ली याला प्रत्येक कार्यक्रमाची टेप चालू ठेवायची सवय होती. मे १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उस्ताद अली अकबर खाँ (सरोद) आणि इंद्रनील भट्टाचार्य (सतार) यांची मैफल झाली. तबल्यावर होते एकोणीस वर्षांचे झाकीर हुसेन. स्टॅन्लीने तीही टेप केली. ती रेकॉर्ड बाजारात आली पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये. त्या रात्री त्याने बटण दाबलं नसतं तर एकोणिसाव्या वर्षीचा तो हात आज आपल्याला ऐकूच आला नसता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

५ जुलै १९७५

आता मुख्य विषय. जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्लंडमध्ये जन्मलेला गिटारवादक. 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' या आपल्या बँडमध्ये तो कानठळ्या बसवणारी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा आणि त्याबद्दल प्रसिद्ध होता. पण त्याने वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. त्याने सगळे अँप्लिफायर बाजूला ठेवले आणि जमिनीवर मांडी घालून वाजवायला बसला. सोबत एल. शंकर (व्हायोलिन), झाकीर हुसेन (तबला), टी. एच. ऊर्फ विक्कू विनायकराम (घटम्) आणि रामनाड राघवन (मृदंगम्). या जमावाचं नाव 'शक्ती'.

त्यांची पहिली रेकॉर्ड स्टुडिओत झालीच नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर साउथहॅम्प्टन कॉलेज होतं. तिथे ५ जुलै १९७५ रोजी झालेला कार्यक्रम मुद्रित केला आणि १९७६ साली तोच पहिला अल्बम म्हणून काढला. पुन्हा एक कॉलेज, बघा!

त्यावर तीनच रचना आहेत. 'जॉय' सुमारे अठरा मिनिटं, 'लोटस फीट' पाच मिनिटांच्या आत आणि लांबलचक नावाची तिसरी जवळजवळ अर्ध्या तासाची. 'जॉय' सुरू होतं तेच पायात चाकं बांधल्यासारखं. गिटार आणि व्हायोलिन एकच अवघड ओळ भयंकर वेगात, एकाच श्वासात म्हणावी तशी वाजवतात. मग दोघांचे सवालजवाब, मग तबला आणि घटम् यांचे. लक्षात घ्या, यातले झाकीरभाई हिंदुस्थानी पद्धतीचे. शंकर, विनायकराम आणि राघवन कर्नाटक पद्धतीचे. मॅकलॉफ्लिन जॅझ आणि रॉकमधला. तिघांचं व्याकरण वेगळं. कागदावर हे जमायला नको. जमलं, कारण प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकत होता. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये हे ऐकणंसुद्धा ऐकू येतं!

शक्तीच्या काळात मॅकलॉफ्लिनची गिटारही खास बनवून घेतलेली होती. एब्राहम वेक्टर या कारागिराने ती घडवली. नेहमीच्या तारांखाली तिरप्या बसवलेल्या सात तरफेच्या तारा, म्हणजे सतारीसारखा अनुनाद (रेझोनन्स हो!). आणि पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून-ओढून वीणेसारखी मींड काढता यावी. गरजेप्रमाणे यंत्र बदलायचं, यालाच डिझाइन म्हणतात ना?

एक रचना, तीन रात्री

आता थोडा प्रात्यक्षिक भाग. 'लोटस फीट' ही मॅकलॉफ्लिनची शांत, संथ रचना. ती तीन लाइव्ह रेकॉर्डिंग्जमध्ये मिळते. पहिली १९७५ ची. दुसरी १९९७ ची : वीस वर्षांच्या खंडानंतर मंडळी 'रिमेंबर शक्ती' नावाने एकत्र आली तेव्हाच्या दौऱ्यातली. तिसरी १९९९ च्या दौऱ्यातली, जी २००० साली 'द बिलिव्हर' या अल्बमवर आली. तिन्हींत मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हुसेन आहेत. सुरावट म्हणणारा साथीदार मात्र बदलतो : पहिल्यात एल. शंकर यांचं व्हायोलिन, दुसऱ्यात पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, तिसऱ्यात यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन.

तिन्ही ओळीने ऐका आणि फक्त लांब सुरांकडे लक्ष द्या. व्हायोलिनचा गज तारेला सतत ऊर्जा देत राहतो, त्यामुळे सूर हवा तितका लांबवता येतो, मध्येच फुगवता येतो. बासरीत ऊर्जा फुंकेची. म्हणून तिथे वाक्य श्वासाएवढं असतं आणि श्वास घेण्याची जागा हीच सुरावटीची जागा होते. १९९७ ची रचना सुमारे सात मिनिटांची झाली आहे, तरी घाई तर नाहीच, उलट जास्त निवांत वाटते. मँडोलिनची गोष्ट उलटी. तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो, एक्स्पोनेन्शिअल डिके. मग लांब सूर आणायचा कुठून? श्रीनिवास तो विरता सूर बोटाने हलवतात, गमक देतात, नाहीतर पुन्हा हळूच छेडतात. चाल तीच, पण प्रत्येक वाद्य आपल्या मर्यादेतून वेगळी वाट काढतं. त्या त्या वाटेने झाकीरभाईही जातात. बासरीबरोबरचा तबला आणि मँडोलिनबरोबरचा तबला एकसारखा नाही, हे दुसऱ्यांदा ऐकताना जाणवतं.

तर "तेच गाणं परत का?" याचं उत्तर हे. चाल म्हणजे प्रश्नपत्रिका, रात्र म्हणजे उत्तरपत्रिका. नाशिककरांसाठी आणखी सोपं करून सांगतो : हॉटेल तेच, मिसळ तीच, पण दर रविवारची तर्री वेगळी. म्हणून तर आपण दर रविवारी जातो!

याच १९९७ च्या अल्बमवर 'मुक्ती' नावाची एक तासाहून लांब रचना आहे. सगळ्यात शेवटी ऐकावी असं माझं मत. आधी कान तयार होऊ द्यावा.

मुंबईतली शनिवारची रात्र

डिसेंबर २००० मध्ये 'रिमेंबर शक्ती'चे कार्यक्रम मुंबईत झाले आणि त्यातून २००१ साली 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' हा अल्बम आला. मॅकलॉफ्लिन, झाकीर हुसेन, श्रीनिवास आणि कंजिऱ्यावर सेल्वागणेश अशी मूळ चौकडी. हे सेल्वागणेश म्हणजे १९७५ मध्ये घटम् वाजवणाऱ्या विक्कू विनायकराम यांचे चिरंजीव. बापाची जागा मुलाने घेतली. घरच्या मैदानावर कार्यक्रम म्हटल्यावर पाहुण्यांची रीघ लागली : संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा, गायला शंकर महादेवन, स्लाइड गिटारवर देबाशिष भट्टाचार्य, ड्रम्सवर शिवमणी, पखवाजावर भवानीशंकर आणि झाकीरभाईंचे दोन्ही भाऊ, फझल आणि तौफिक कुरेशी.

नवीन माणसाने सुरुवात इथून करावी. 'गिरिराज सुधा'मध्ये शंकर महादेवन यांचा ओळखीचा आवाज आहे. मूळ रचना त्यागराजांची, म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या वाग्गेयकाराची, आणि तिच्या सोबतीला इलेक्ट्रिक गिटार! मग 'शृंगार' ऐका. पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ संतूर आणि गिटार एकमेकांना जागा देत राहतात. शिवकुमारजी कमी सुरांत किती बोलतात ते बघा. काय वाजवायचं नाही हे ज्याला कळलं तो मोठा वादक, हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. इथे त्याचा पुरावा मिळतो.

कान कसा लावायचा?

माझी पद्धत सांगतो. तीन फेऱ्या करायच्या.

पहिल्या फेरीत पॉज न करता पूर्ण ऐकायचं. चॅट बंद, पुस्तक बंद. मध्येच उडी मारून 'चांगला भाग' शोधायचा नाही. अठराव्या मिनिटाला टाळ्या का पडल्या हे पहिली सतरा मिनिटं बसल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या फेरीत एकच वाद्य पकडायचं. सुरुवातीला डग्गा पकडावा, कारण मनगटाच्या दाबाने सूर वरखाली होणारा झाकीरभाईंचा डग्गा जवळजवळ बोलतोच. जाता जाता एक माहिती : साध्या पडद्याच्या ढोलात वरच्या स्वरांची प्रमाणं १ : १.५९ : २.१४ अशी वेडीवाकडी असतात, म्हणून त्याला नक्की सूर नसतो. तबल्यावरच्या शाईमुळे ती १ : २ : ३ च्या जवळ येतात आणि तबला सुरात लागतो. हे १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं सी. व्ही. रामन यांनी, आपल्या सहकाऱ्याबरोबर. नोबेल मिळायच्या दहा वर्षं आधी!

तिसऱ्या फेरीत मोजायचं. कर्नाटक पद्धतीत तालाचे बोल तोंडाने म्हणतात, त्याला कोन्नक्कोल म्हणतात. तीन मात्रांना 'तकिट', चारला 'तकधिमि', पाचला 'तक तकिट', सातला 'तकिट तकधिमि'. आता सोळा मात्रांच्या तीनतालात कोणी पाचाचे गट वाजवायला लागला, तर तो आणि सम पुन्हा कधी भेटतील? शाळेतला लसावि आठवा. ५ आणि १६ चा लसावि ८०, म्हणजे बरोबर पाच आवर्तनांनी. सातचे गट घेतले तर ११२, म्हणजे सात आवर्तनांनी. मधला सगळा वेळ तो 'चुकल्यासारखा' वाटतो आणि एका क्षणी सगळे एकत्र समेवर येतात. त्या क्षणी अंगावर काटा येतो.

तिहाईचंही तसंच. पाच मात्रांचा तुकडा न थांबता तीनदा वाजवायचा आणि शेवटचा ठोका समेवर आणायचा, तर सुरुवात कुठून? तिसऱ्या मात्रेपासून : ३ ते ७, ८ ते १२ आणि १३ ते १७. तीनतालात सतरावी म्हणजेच पुढची सम. वादक हे गणित कागदावर करत नाही, त्याचा हातच ते करतो. कर्नाटकात याच्याशी मिळताजुळता प्रकार म्हणजे 'मोरा'. म्हणून झाकीरभाई आणि विनायकराम वेगळ्या शाळांचे असूनही एकमेकांची वाक्यं पुरी करू शकले. नाशिक ढोलच्या पथकात टोलवाला हात वर करतो आणि पन्नास ढोल एकदम थांबतात, ते ज्याने जवळून पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

फाइल कोणती घ्यावी?

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनेल. गुणाकार केला तर सुमारे १,४११ किलोबिट प्रतिसेकंद. १२८ च्या एमपीथ्रीमध्ये त्यातला अकरावा हिस्सा उरतो. कानाला कळणार नाही ते गाळायचं, ही कल्पना फारच हुशार आहे. पण तिचा कमकुवत भाग नेमका तालवाद्यांत दिसतो. एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे ठोकळे पाडून काम करते. शांततेनंतर अचानक थाप पडली की त्या ठोकळ्यातली चूक थापेच्या आधीच्या शांततेतही पसरते. याला प्री-एको म्हणतात. तबला आणि घटम् यांची धार बोथट होते. शिवाय हॉलचा घुमारा, लोकांची कुजबुज, तानपुऱ्याची झार, हे सगळं 'कमी महत्त्वाचं' म्हणून आधी जातं. लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तेच तर हवं असतं!

म्हणून शक्य असेल तर सीडी किंवा फ्लॅक ऐकावं, ऑनलाइन ऐकताना सगळ्यात वरची क्वालिटी निवडावी. भारी हेडफोन नसला तरी चालेल. रात्री अकरानंतरची होस्टेलची शांतता भारी हेडफोनपेक्षा जास्त उपयोगी पडते (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचू नये).

आपल्या नाशिकचं उदाहरण

हे सगळं अमेरिकेत आणि मुंबईत, असं कोणी म्हणू नये. थोर गवई पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी नाशिकमध्ये रामनाम आधार आश्रम काढला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९२१ साली नाशिकलाच जन्मले. 'बैजू बावरा' (१९५२) चित्रपटात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर ते गायले आहेत. ऑक्टोबर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या हयातीत घराघरांत पोचल्या त्या ७८ च्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यात राग दिसतो, गोड आवाज कळतो. पण राग वाढवताना हा माणूस कुठे थांबतो, कुठून वळतो, समेवर कसा येतो, हे साडेतीन मिनिटांत कसं कळणार? ते आज थोडंफार कळतं ते आकाशवाणीच्या आणि मैफलींच्या ध्वनिमुद्रणांमुळे, जी पुढे प्रकाशित झाली. तबकडीवरचे पलुस्कर आणि मैफलीतले पलुस्कर एकामागोमाग ऐकून बघा. जर्नल आणि ओरल यांतला फरक तिथे इतका स्पष्ट आहे की मी आणखी काही बोलायची गरज नाही. आणि मैफलीतले पलुस्कर किती थोडे उरलेत, हेही तेव्हा जाणवतं.

उरतं ते काय?

यू. श्रीनिवास २०१४ साली गेले, पंचेचाळिसाव्या वर्षी. पंडित शिवकुमार शर्मा मे २०२२ मध्ये गेले. २०२३ साली शक्तीने पन्नास वर्षांच्या निमित्ताने पुन्हा दौरा केला, 'धिस मोमेंट' हा नवीन अल्बम काढला आणि त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर हुसेन गेले.

त्या दिवसापासून या रेकॉर्डिंग्जचा अर्थ बदलला. कागदावर लिहिलेली सिंफनी दुसरा ऑर्केस्ट्रा वाजवू शकतो. पण झाकीर हुसेन ५ जुलै १९७५ च्या रात्री घटम् ऐकून पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करायचं ठरवतात, ते कुठे लिहिलेलं नाही आणि पुन्हा कोणी वाजवू शकणार नाही. ते फक्त त्या टेपवर आहे. आणि टेपवर आहे, कारण कोणीतरी माइक लावला, लेव्हल बघितली आणि बटण दाबलं. हे काम गवयाचं नव्हतं. ते आपल्यासारख्यांचं होतं, इंजिनिअरचं!

म्हणून शेवटी एक होमवर्क. सुट्टीत घरी गेलात की माळ्यावरच्या जुन्या कॅसेट्सची पेटी उघडा. आजोबांनी एखाद्या गणेशोत्सवात, देवळातल्या कीर्तनात, रेडिओवरच्या संगीत सभेत भरलेली एखादी कॅसेट मिळेलच. चुंबकीय फीत कायम टिकत नाही : बुरशी येते, थर सुटतो, आवाज पुसट होत जातो. एक चालू कॅसेट प्लेअर, लाइन-आउटपासून कॉम्प्युटरच्या लाइन-इनपर्यंत एक केबल आणि एक फुकटचं सॉफ्टवेअर, एवढ्यात काम होतं. लेव्हल शून्य डेसिबलच्या थोडी खाली ठेवा, म्हणजे आवाज फाटणार नाही. फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. नाव देताना कोण, कुठे, कधी एवढं नक्की लिहा. टाळ्या, खोकला, "वाहवा" कापून टाकू नका. तो नॉइज नाही, तोही सिग्नलच आहे.

आणि आपल्या गॅदरिंगला जी पोरं गातात-वाजवतात, त्यांचंही एक नीट रेकॉर्डिंग ठेवायला काय हरकत आहे? मोबाइल ढोलासमोर धरून नाही, दोन माइक लावून. साउथहॅम्प्टन आणि कॉर्नेल हीसुद्धा शेवटी कॉलेजंच होती.

तर मग, आज रात्री अकरा वाजता 'लोटस फीट', १९७५ ची. ऐकताय ना?